पुस्तिकेत नसलेलं यान

मी एक खेळणं बोलतोय. खेळणं म्हटलं की तुम्ही गालातल्या गालात हसणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझं वय बेचाळीस आहे आणि लाडीगोडी मला चालत नाही. डब्यावर माझं नाव मोठ्या अक्षरांत छापलंय, चांद्रतळ. तीनशे एकेचाळीस ठोकळे, चार अंतराळवीर, खड्ड्याखड्ड्यांची एक राखाडी पाटी आणि बत्तीस पानांची पुस्तिका. कुठला ठोकळा कुठे बसवून यान करायचं ते पुस्तिकेत नुसत्या चित्रांनी दाखवलंय, शब्द एकही नाही. ज्यानं ती काढली त्याला माणसांशी बोलायचा कंटाळा असावा.

हल्ली माझ्यासारख्या जुन्या खेळण्यांचं परीक्षण करतात. व्हिडिओ काढतात, गुण देतात. माझंही झालं. मला दहापैकी नऊ मिळाले. त्या नऊ गुणांपायी एका बाईचं काय झालं, ते सांगायला बसलोय.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं प्लास्टिक साच्यात दाबायचं, गार झालं की खाली पाडायचं, झाला ठोकळा. राखाडी, पांढरे, निळे, थोडे पिवळे पारदर्शक. सरकत्या पट्ट्याशी बसलेल्या बायका आम्हाला मोजून पिशव्यांत भरत आणि भरता भरता आपापल्या सासवांचे पाढे वाचत. माझ्या पिशव्या भरणारीची सासू फारच खाष्ट होती. पुढे काय झालं ते कळायच्या आत माझा डबा बंद झाला.

दुकानात वर्षभर धूळ खाल्ल्यावर मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं घेतलं. नखांत ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यानं डबा उलटासुलटा करून पाहिला आणि दुकानदाराला एकच विचारलं, हे अंथरुणात बसून खेळता येईल का. दुकानदार म्हणाला, न यायला काय झालं.

अंथरुणात त्याची मुलगी होती. नऊ वर्षांची. बारीकसारीक वस्तू गोळा करायची खोड होती, म्हणून बाप तिला मुंगी म्हणायचा. तिच्या हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी शाळा, पळणं, जिना, सगळं बंद केलेलं. आणि गंमत बघा, बाप दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट चालू करून द्यायचा आणि स्वतः राहायचा तिसऱ्या मजल्यावर, जिन्यानं. मुलीला तपासायला न्यायचं तर कडेवर घेऊन उतरायचा आणि कडेवर घेऊन चढायचा.

आई घरीच शिवणकाम करायची. शर्टांच्या कॉलर, काजं, बटणं. मशीन त्याच खोलीत, मुंगीच्या पायथ्याशी. माझ्या ठोकळ्यांवर जे गोल उंचवटे असतात ना, त्यांना त्या घरात बटणंच म्हणत. दोन बटणांचा दे, चार बटणांचा दे.

मुंगीनं पुस्तिकेतलं यान अकरा वेळा बांधलं आणि अकरा वेळा मोडलं. बाराव्या वेळी पुस्तिका मिटून ठेवली आणि म्हणाली, "आई, यात सगळे बसलेत नाहीतर उभे आहेत. ज्याला झोपूनच जायचंय त्यानं काय करायचं?"

आईच्या ओठांत दोरा होता. तो काढून ती म्हणाली, "मग तू कर तसं एखादं."

झालं, दोन महिने बाईसाहेब त्यालाच भिडल्या. मीही थकलो, खोटं कशाला बोलू. रोज एक भिंत चढायची, रोज एक उतरायची. शेवटी यान उभं राहिलं. पुस्तिकेतल्यापेक्षा दुप्पट लांब, डावीकडे जरा जड, नाक वर केलेलं, पंख दोन रंगांचे. आणि खालून, पोटात, एक खोली. खोलीला झाकण. आत एक पांढरा अंतराळवीर उताणा झोपलेला. मुंगी तासन् तास ते झाकण उघडायची आणि लावायची.

ऑपरेशनची तारीख ठरली होती. तिच्या सहा दिवस आधी मुंगी गेली. दुपारची वेळ, बाप कामावर. यान तिच्या पांघरुणावरच होतं. आईनं आधी ते दोन्ही हातांनी उचलून मशीनवर ठेवलं आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली.

त्यानंतर ते यान कुणी मोडलं नाही. बाप होता तोवर तो रविवारी मऊ कुंचल्यानं माझ्यावरची धूळ काढायचा. मग तोही गेला. आईला काचबिंदू झाला. आधी सुईत दोरा जाईना, मग मशीन सुटलं, मग माणसांचे चेहरे गेले. ती बहिणीच्या मुलीकडे राहायला गेली ती एक पेटी आणि मला घेऊन. भाची चांगली पोर, बँकेत नोकरीला, मावशीचं सगळं बघायची.

दिसेनासं झाल्यावर आई मला रोज हातात घेऊ लागली. दुपारचं जेवण झालं की खुर्चीत बसायची, मला मांडीवर ठेवायची. आधी नाक, मग पंख, मग मला उलटं करून पोटाचं झाकण. बोट आत घालायची, झोपलेल्याच्या छातीवर क्षणभर ठेवायची आणि झाकण लावून टाकायची. मुंगीचा चेहरा आता नीट डोळ्यांपुढे येत नाही, असं ती एकदा भाचीला म्हणाली होती. फोटो असून उपयोग नव्हता. उरलो होतो मी, म्हणजे खरं तर बोटांखालची ती खोली.

प्लास्टिकही म्हातारं होतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. एके दिवशी तिच्या हातात माझ्या पंखाचा एक निळा ठोकळा तडकला आणि पंख लोंबला. आई घाबरली. भाचीनं शोधाशोध करून असे जुने ठोकळे बाळगणारा एक माणूस हुडकला आणि मला टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून त्याच्याकडे नेलं. एक ठोकळा तुटलाय, तेवढा बदलून द्या, म्हणाली. त्यानं विचारलं, व्हिडिओ केला तर चालेल का. ती म्हणाली, चालेल की. यान मोडू नका, असं काही ती बोलली नाही. कुणी मोडेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

त्या माणसाला आळीतली मुलं ठोकळेकाका म्हणत. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेला, एकटा, नीटनेटका, चूक दिसली की हात शिवशिवणारा. वाईट माणूस नव्हे, हे मुद्दाम सांगतो. त्याच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि त्यांवर माझ्यासारखे शंभरेक संच, सगळे पुस्तिकेबरहुकूम. त्याची कामाची रीत ठरलेली होती. आलेला संच आधी पूर्ण सुटा करायचा, कोमट पाण्यात धुवायचा, रंगांप्रमाणे वाट्यांत लावायचा, यादीशी ताडून बघायचा आणि मग पहिल्या पानापासून बांधायचा. त्याच्या लेखी खेळणं म्हणजे हस्तलिखित, आणि पोरांनी केलेलं काहीही म्हणजे मुद्रणदोष.

त्यानं कॅमेरा लावला, टॉवेल सोडला आणि मला टेबलावर ठेवलं. छान हसून कॅमेऱ्याला म्हणाला, "कुणा पोरानं हौसेनं काहीतरी ठोकून ठेवलंय बघा. याला शून्य गुण. चला, आता खरं यान बघू."

आणि त्यानं सुरुवात केली. नाक, पंख, पाठ. त्याची बोटं तरबेज, दहा मिनिटांत सगळं सुटं. पोटाची खोली त्यानं तळहातावर धरूनच उचकटली, आतला अंतराळवीर बाकीच्या तिघांबरोबर वाटीत टाकला. मला दुखलं नाही. माझे ठोकळे सुटे व्हायलाच जन्मले आहेत. पण जवळजवळ चाळीस वर्षं एकमेकांना धरून बसलेले ते ठोकळे सुटताना जो आवाज करत होते, तसा मी कधी ऐकला नव्हता.

मग आंघोळ, मग वाट्या, मग नवा निळा ठोकळा. दोन दिवसांनी मी पुस्तिकेतल्यासारखा देखणा उभा होतो. काकांनी रंग जरा पिवळट झालाय म्हणून एक गुण कापला, बाकीचे नऊ दिले आणि व्हिडिओ भाचीला पाठवून दिला.

पुढचं मला भाचीनं फोनवर काकांना सांगितलं तेव्हा कळलं. तिनं कौतुकानं व्हिडिओ मावशीपुढे लावला होता. मावशीनं ते शून्य गुणांचं ऐकलं. मग आवाज सुरू झाला, टक, टक, टक. मावशीनं विचारलं, हे काय चाललंय. भाचीनं पडद्यावर पाहिलं आणि तिचा हात ते बंद करायला गेला. मावशी म्हणाली, बंद करू नकोस, आणि शेवटचा ठोकळा सुटेपर्यंत ऐकत बसली. फोनवर भाची रडत होती. ते तिच्या मुलीनं केलं होतं हो, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

काकांनी फोन ठेवला. मग मला मोडलं, स्वतःचाच व्हिडिओ लावला आणि उलटीकडून बघत बघत मुंगीचं यान जोडायला घेतलं. दर ठोकळ्याला थांबायचे, मागे जायचे, डोळे बारीक करायचे. तीन दिवस गेले. कॅमेरा वरून आणि डावीकडून बघत होता, म्हणून नाक, पाठ आणि डावा पंख तंतोतंत जमले. उजवा अंदाजानं बसला. पोट मात्र व्हिडिओत कुठेच नव्हतं. तिथे त्यांचाच तळहात होता.

चौथ्या दिवशी सकाळी भाची मावशीला घेऊन आली. मावशी टेबलाशी बसली आणि तिनं हात पुढे केले. नाकावरून बोटं फिरली, पाठीवरून, पंखांवरून. तिचा चेहरा जरा सैल झाला. मग तिनं मला उलटं केलं आणि बोट सपाट तळाला लागलं.

काका म्हणाले, "तिथलं मला दिसलं नाही. तुम्ही सांगा, मी करतो."

ती सांगायला लागली. इथे खोली होती. बोट आत जायचं. झाकण होतं. काका ठोकळे बसवत गेले आणि तिच्या हाती देत गेले. ती बोट आत घालायची आणि मान हलवायची. असं नव्हतं. पुन्हा उचकटायचं, पुन्हा बसवायचं. असंही नव्हतं. उसवलेली शिवण तिनं डोळे मिटून परत घातली असती, पण ठोकळे तिनं कधी जोडलेच नव्हते. चूक कुठे आहे ते बोटांना कळायचं, बरोबर काय ते त्यांना सांगता येत नव्हतं. भाचीनं मध्ये चहा केला, तो तसाच गार झाला.

आठ खोल्या झाल्या, दहा झाल्या. प्रत्येक खोटी खोली तिनं बोटानं नीट चाचपली, अगदी कोपऱ्यापर्यंत. मला भीती वाटायला लागली होती ती याचीच.

चौदाव्या खेपेला काकांनी बरोबर बसवली. देवाशपथ सांगतो, अगदी तशीच. निव्वळ योगायोगानं, पण एकही ठोकळा इकडचा तिकडे नव्हता. मुंगीनं केली होती तीच खोली. आईनं झाकण उघडलं, बोट आत घातलं आणि इतर वेळेपेक्षा जास्त वेळ आतच ठेवलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, पण प्लास्टिकला कुठला आवाज. काका तिच्याकडे बघत होते.

"असंही नव्हतं," ती म्हणाली.

काकांनी ती उचकटली.

पंधराव्या वेळी तिनं हात पुढे केलाच नाही. हात मांडीवर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "राहू द्या आता. सकाळी घरून निघाले तेव्हा बोटांना सगळं पाठ होतं. आता सगळ्या खोल्या सारख्याच लागतायत."

काकांनी माफी मागितली. ती म्हणाली, तुम्ही मुद्दाम नाही केलंत. हे ती खरंच मनापासून म्हणाली. भाचीनं डबा उचलला तर मावशीनं नको म्हटलं. भाचीचा हात धरून ती जिना उतरून गेली. भाची अधूनमधून फोन करते. मावशी दुपारी अजून त्याच खुर्चीत बसते, मांडीवर काही नसतं.

काकांनी तो व्हिडिओ काढून टाकला आणि नवे करायचं सोडलं. मला त्यांनी परत बांधलं नाही, कुणाला दिलंही नाही. मी त्यांच्या टेबलावर वाट्यांमध्ये पडून आहे, राखाडी एकीकडे, निळे एकीकडे. तीनशे एकेचाळीस ठोकळे, चार अंतराळवीर, सगळं जागच्या जागी. यादीप्रमाणे माझ्यात काहीच कमी नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या हाती कधी असं वेडंवाकडं जोडलेलं काही आलं, तर ते कुणी केलंय एवढं आधी विचारा. आणि आणखी एक काम करा, हे लक्षात ठेवा. पोटाच्या खोलीत तळाला दोन लांब राखाडी पट्ट्या, शेजारी शेजारी. उशाला दोन बटणांचा निळा ठोकळा, आडवा. त्यावर पांढऱ्या अंतराळवीराचं डोकं, पाय शेपटीकडे. डाव्या हाताशी एक छोटा पिवळा पारदर्शक ठोकळा, तो त्याचा दिवा. झाकण शेपटीच्या बाजूनं उघडतं, आणि मुंगीनं ते असं बसवलं होतं की आतल्याला आतूनही उघडता यावं. तुमची गाठ पडली तर तेवढं त्या बाईंना सांगा.