पुठ्ठ्याच्या घरातले दिवे

पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकूंचे हात स्वस्थ बसेनात. उभा जन्म पुठ्ठे कापण्यात आणि छापील पानांचे फर्मे शिवण्यात गेलेला. आधी त्यांनी घरातल्या सगळ्या जुन्या पुस्तकांना नवी कव्हरं घातली, मग काकांच्या औषधांच्या डब्यालाही घातलं. कव्हर घालण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बाहुलीचं घर बांधायला घेतलं.

"बरं झालं," काका म्हणाले. "आता माझाच नंबर लागणार होता."

काका नाटकांना प्रकाशयोजना करत. नाटकमंडळी त्यांना दिवेकाका म्हणत. ते रंगमंचावर पहाट करायला लागले की कोंबडाही फसेल, अशी त्यांची ख्याती होती. साठी उलटली तरी दौरे चालूच होते. महिन्यातले निम्मे दिवस ते बाहेरगावी, आणि उरलेल्यातले निम्मे घरात असून नसल्यासारखे.

खिडकीपाशी टेबलावर घर हळूहळू उभं राहिलं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर निजायची खोली आणि एक पुस्तकांची खोली, मधून जिना. भिंती बांधणीच्या जाड पुठ्ठ्याच्या, आतून फुलाफुलांचा कागद लावलेला. पुढची भिंत कपाटाच्या दारासारखी उघडायची. पुस्तकांच्या खोलीत नखाएवढी पुस्तकं होती. ती नुसती दिसायला नव्हती. खरीखुरी शिवलेली, पानं उलटता येणारी.

एकदा काका दौऱ्यावर जायला बॅग भरत होते. काकू म्हणाल्या, "अहो, घरात दिवे लावून द्या ना. आतलं काही दिसतच नाही."

"बाहुल्यांना कशाला हवेत दिवे? त्यांचं बिल कोण भरणार?"

"चेष्टा नको. वरच्या खोलीत तर नुसता अंधार असतो."

"लावतो गं. हा दौरा होऊ दे."

तो दौरा झाला, मग दुसरा ठरला. दिवे राहिले ते राहिलेच. काकू मधूनमधून आठवण करत. काका दर वेळी हो म्हणत आणि ते हो खरंही असे, कारण त्यांना खरोखरच लावायचे होते. छोटे दिवे कुठे मिळतात, तारा कुठून न्यायच्या, हे सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. फक्त हात लागत नव्हता.

नखाएवढी पुस्तकं करणं काकूंनी मधेच सोडलं. "कंटाळा आला," म्हणाल्या. निजायच्या खोलीला नवा कागद लावला, तो उलटा लागला. फुलांची डोकी खाली, देठ वर. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना गंमत वाटली. बायकोला म्हातारपणी काहीतरी नवं सुचतंय, असं ते एका नटाला कौतुकाने सांगतही होते.

त्याच सुमाराला काकू एका प्रयोगाला आल्या होत्या. प्रयोग संपल्यावर काकांनी त्यांना मागच्या अरुंद जिन्याने खाली नेलं, तेव्हा काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत असा हात कधी धरला नव्हता. काका मनातून सुखावले. त्या खुशीत त्यांनी मुद्दाम वेग कमी केला.

मग लेक चार दिवस राहायला आली. ती आल्या आल्या काकूंनी चहा केला आणि कपात ओतता ओतता थेट बशीत ओतला, बशीतून टेबलावर.

"आई, तुला कप दिसत नाहीये का?"

"दिसतोय की. नीट बघितलं की दिसतो."

लेकीने पुढचं काही ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होत्या, पण बोलणं सबुरीचं. त्यांनी काकूंना एका यंत्रात बघायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. बटण दाबल्याचा आवाज फार कमी वेळा आला. काका भिंतीला टेकून तो आवाज यायची वाट बघत उभे होते.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुखत-खुपत नाही, म्हणून कळत नाही. कडेकडेची नजर गेली आहे, मधली थोडी शिल्लक आहे. गेलेली परत येणार नाही. आता रोज थेंब घालायचे आणि आहे ती सांभाळायची."

"आधी कळलं असतं तर?" लेकीने विचारलं.

"तर बरीच वाचली असती." मग त्या काकूंकडे वळल्या. "कमी उजेडात दिसत नाही, असं कधीपासून वाटायला लागलं?"

काकूंनी थोडा विचार केला. "मी घरात दिवे लावून मागत होते ना, तेव्हापासून."

"घरात दिवे नव्हते?" डॉक्टरांना काही उमगेना.

"पुठ्ठ्याच्या घरात," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, घरच अंधारं झालंय."

काकांनी डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी घेतली, घडी घातली, उघडली, पुन्हा घडी घातली. बाहेरच्या बाकावर लेक त्यांच्याशेजारी बसली.

"बाबा, आई तुम्हाला सांगत होती?"

"सांगत होती."

"मग?"

काकांनी चिठ्ठी खिशात घातली. नट प्रकाशाच्या बाहेर वीतभर सरकला तरी त्यांना शेवटच्या रांगेतून कळायचं. घरातलं माणूस चाचपडतंय हे त्यांना शेजारी बसून कळलं नव्हतं.

पुढचा दौरा त्यांनी दुसऱ्याला दिला. बाजारातून मुगाएवढे दिवे, केसासारख्या तारा आणि छोटी बटणं आणली आणि एका दुपारी ते घर पुढ्यात घेऊन बसले. भोक पाडायला त्यांनी काकूंचं दाभण घेतलं.

"असं सरळ खुपसू नका," काकू बाजूच्या खुर्चीवरून म्हणाल्या. "पुठ्ठा फाटेल. फिरवत फिरवत न्या."

"तुला दिसतंय?"

"ऐकू येतंय."

काकांनी दाभण फिरवत नेलं. तारा कागदाखाली लपवल्या, जिन्याखालून मागे काढल्या आणि सगळ्या मिळून एकाच बटणाला जोडल्या. खिडकीचे पडदे ओढले आणि बटण दाबलं. सगळं घर एकदम लखलखलं. काकांना वाटलं, झालं.

काकूंनी तोंड फिरवलं. "बंद करा. डोळ्यात जातंय. नुसतं पांढरं पांढरं दिसतंय."

काकांनी बटण बंद केलं. मग सगळं काढून पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक खोलीला वेगळं बटण दिलं, उजेड कमीजास्त करायची सोय केली आणि दिव्यांवर पातळ बटर पेपरच्या टोप्या घातल्या. या कामाला बरेच दिवस गेले. आयुष्यात इतके दिवस त्यांनी एवढ्याशा जागेवर कधी घालवले नव्हते.

पुन्हा पडदे ओढले. काकांनी आधी बैठकीचा दिवा लावला, मंद, मग हळूहळू चढवला. काकूंनी चेहरा अगदी जवळ नेला आणि मान सावकाश फिरवत एकेक वस्तू शोधायला लागल्या.

"खुर्ची... गालिचा... हा जिना. माझ्या कठड्याचा एक दांडा निघालाय वाटतं."

"चिकटवतो."

"आता वरची लावा. निजायची."

काकांनी लावली. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, हा कागद उलटा लागलाय."

काकांनी बटणावरून हात काढला.

"तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"लावलास तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुला तसाच हवा असेल."

काकूंनी मान वर केली. त्यांच्या नजरेत काकांचा सगळा चेहरा एकदम मावत नव्हता. आधी डोळे, मग नाक, मग तोंड, असं त्या बघत गेल्या.

"विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. "मी उलटी फुलं कशाला लावेन? एकदा विचारलं असतंत तर मी हात लावून बघितलं असतं, आणि मलाही कळलं असतं की काहीतरी चुकतंय. मी आपली समजत राहिले, तुम्ही काही म्हणत नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

पुठ्ठ्याचं घर दोघांच्या मध्ये होतं, दोन खोल्यांत दिवा आणि बाकीच्या दोन अंधारात.

"माझा राग आलाय ना तुला?" काकांनी विचारलं.

"आलाय. इतक्यात जाणार नाही तो," काकू म्हणाल्या. "कागद काढून देते, तुम्ही सरळ लावा. माझ्याच्याने आता होणार नाही."

लेक गेल्यापासून थेंब घालायचं काम काकांकडे होतं. वेळेवर घालत, कधी चुकले नाहीत. तरी पुढच्या तपासणीत नजर आणखी थोडी आत सरकली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं, इतकं होणारच होतं. काकूंनी ऐकून घेतलं. परत येताना रस्ता ओलांडताना त्यांनी काकांचा हात धरला. काका यावेळी सुखावले नाहीत. वाहनं बघून, थांबून, त्यांना पलीकडे नेलं.

घरी आल्यावर काकूंनी पडदे ओढायला सांगितले आणि खुर्ची टेबलाजवळ घेतली.

"कुठली लावू?" काकांनी विचारलं.

"स्वयंपाकघर."

काकांनी दिवा लावला आणि त्यांच्या मागे उभे राहिले.

"काय काय दिसतंय, सांग," ते म्हणाले.

"सगळं सांगू?"

"सगळं सांग. मला कुठे जायचं नाहीये."

काकूंनी चेहरा पुठ्ठ्याच्या चौकटीपाशी नेला आणि डावीकडून सांगायला सुरुवात केली.