मथुरेची सोडणं

“आधी तो रुमाल नाकावरसून काढा, भाईनू. तुमी काय बोलतास तां माका कळाक नाय.”

मथुरेने हातातला दांडका थांबवला नाही. समोरच्या दगडावर मागच्या खेपेतलं उरलेलं, काळं पडलेलं सोडण होतं. नारळ सोलल्यावर जी साल उरते तिला इकडे सोडण म्हणतात. ती त्यावर धप्प धप्प घाव घालत होती आणि प्रत्येक घावाला काळं पाणी उडत होतं. भाई दोन पावलं मागे सरला. त्याच्या पायांत बूट होते. मुंबईच्या एका कंपनीच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी करून तो दोन वर्षांपूर्वी गावी परतला, खाडीच्या काठावर सिमेंटच्या गच्चीचं घर बांधलं आणि त्या गच्चीवर खुर्ची टाकून गावाकडे वरून बघू लागला.

“माझो सायब येता गुरवारी,” रुमाल तसाच ठेवून भाई म्हणाला. “सोता. मडमेक घेवन. आगबोटीन मालवणाक उतारतलो आणि तीन दिस माझ्याकडे ऱ्हवतलो.”

“येवंदे. खाडी सगळ्यांची आसा.”

“खाडी सगळ्यांची, पण घाण तुझी एकटीची. तुझो खड्डो माझ्या गच्चीच्या समोर आसा.”

“खड्डो माझ्या सासवेच्या वेळचो. तुमची गच्ची थंय चलान इली. खड्डो खंय गेलो नाय.”

बाजूला शेजारची म्हातारी हौसाबाई धुतलेला काथ्या पिंजत बसली होती. ती पदरात तोंड घालून फिसकली. भाईने तिच्याकडे पाहिलं, अंगणातल्या काळ्या पाण्याच्या ओघळाकडे पाहिलं, आणि “बघतंय मी,” असं म्हणून बूट उचलत उचलत निघून गेला.

वास येत नव्हता असं नाही. वास येत होता, आणि तो साधा वास नव्हता. ओली सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, वर माडाची झापं, झापांवर दगड. भरती येते, सुकती होते, पाणी आत जातं, बाहेर येतं, आणि साल आतल्या आत कुजत राहते. दहा महिने कुजली म्हणजे मऊ होते, ठोकली की भुसा गळतो आणि हातात सोनेरी काथ्याचे लांब तंतू येतात. आठव्या महिन्यात काढली तर हातात काही येत नाही. तो वास माणसाच्या केसांत बसतो, नखांत बसतो, भाताच्या घासाबरोबर पोटात जातो. मथुरा पंधराव्या वर्षी ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच दिवशी खड्ड्याच्या काठावर भडाभडा ओकली होती. सासू म्हणाली होती, “ओक. पोट रिकामां झालां काय बस.” ती बसली, ती आजवर. बावीस वर्षं. किळस तिलाही यायची. पण किळस आली म्हणून काम सोडायची चैन तिला कोणी दिली नव्हती.

नवरा गणपत मुंबईला गिरणीत. वर्षातून एकदा वैशाखात घरी यायचा, आंबे खायचा, बायकोच्या अंगाला वास येतो म्हणून ओसरीवर निजायचा. निजायचा तो तिनेच वळलेल्या सुंभाच्या खाटेवर. आताही तो आलेला होता.

आणि गावाचं काय सांगावं? विहिरीवरचा दोर मथुरेचा. गोठ्यातली दावी मथुरेची. होड्या बांधायच्या तर मथुरेच्या दोराने, आणि माणूस मेला की तिरडी आवळायची तीही मथुरेच्याच सुंभाने. तेव्हा कुणाला नाक नव्हतं.

ह्या वर्षी गोष्ट वेगळी होती. देवगडच्या बंदरातल्या एका होडीवाल्याने तिचा दोर कुठेतरी पाहिला होता आणि माणूस पाठवला होता. नव्या होडीचे सगळे दोर तिच्याकडून हवे होते, दसऱ्यापर्यंत. त्या माणसाने दारात येऊन विचारलं होतं, “मथुरेचो दोर मिळता तां घर ह्यांच काय?” गणपतचं घर नव्हे, गणपतच्या बापाचं घर नव्हे. हे वाक्य ती तेव्हापासून मनातल्या मनात घोळवत होती. त्यासाठी तिने दोन हजार सोडणं एका खड्ड्यात घातली होती. नेहमीच्या दुप्पट. त्यांना आता सात महिने झाले होते. तीन राहिले होते.

सोमवारी संध्याकाळी रवळनाथाच्या देवळात गाव जमला. बायका बाहेर, तुळशीवृंदावनाशी. दाजी गावकर पुढे होऊन हात जोडून उभा राहिला. गावावर संकट आलं, गुरांना रोग आला, पाऊस लांबला की दाजी देवाला गाऱ्हाणं घालतो. आज संकट होतं साहेबाच्या नाकाचं.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्यो सगळो गाव तुझ्या पायाकडे इलो हा, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव ओरडला.

“भाईच्या घराक मुंबयसून मोठो सायब येता हा. तेच्या पायान गावाचां बरां होतला, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“खाडयेत जी काय घाण आसा, ती मथुरेची सोडणां फाल्यां सकाळी भायर पडांदेत, आणि सायबाच्या नाकाक काय एक लागा नको, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मथुरेने त्या गलक्यात एक गळा वेगळा ओळखला. यंत्रांच्या खडखडाटावर बोलून बोलून मोठा झालेला गिरणीतला गळा. तिच्या नवऱ्याचा. सगळ्यांत मोठा तोच होता.

घरी येताना वाटेत तिने विचारलं, “तुमी व्हय म्हणालास?”

“सगळो गाव म्हणालो.”

“सगळ्या गावाचो खड्डो नाय तो.”

गणपतने पावलं उचलली. मग म्हणाला, “भाई सायबाकडे माझो शब्द टाकतलो. कचेरीत शिपायाची जागा आसा. डोक्यार पंखो. छातीत कापूस जायत नाय.”

“आणि माझो दोर? देवगडचो?”

“फुडल्या वर्षी घाल गो परत. सोडणां काय संपतत?”

“आयका,” ती थांबली. “पाण्याखाली आसत तोवर वास दाबान आसा. आत्ता येता तो काय्येक नाय. अर्धी कुजलेली भायर काढलास तर गावाक श्वास घेवक देवची नाय. सायबाक नाय, तुमकाय नाय.”

“देवासमोर शब्द गेलो हा. आता तोंड घालू नको.”

ती दाजीच्या घरी गेली. दाजी झोपाळ्यावर पान जुळवत होता. तिने तेच सांगितलं, शब्दन् शब्द. दाजी म्हणाला, “गाऱ्हाण्यात बायल माणसान बोलूचा नसता.” आणि पान तोंडात टाकलं. बावीस वर्षं त्या चिखलात उभी असलेली बाई सांगत होती. पण बाईला चिखलातलं कळतं, हे मान्य करायला त्या गावाची जीभ झडली असती.

मंगळवारी सकाळी सुकतीला चार पुरुष खड्ड्यावर आले, तोंडाला फडकी बांधून. खड्ड्यात कोणी उतरेना. दत्ताराम, ज्याच्या दोन होड्या तिच्या दोरांवर बांधलेल्या होत्या, तो माडाला टेकून म्हणाला, “मथुरा वयनी उतारतली. तिका सवय आसा.” बाकीचे हसले.

मथुरेने कासोटा घातला आणि उतरली. कमरेपर्यंत चिखल. पहिला दगड काढला तेव्हा खाली काहीतरी गुडगुडलं आणि बुडबुडे वर आले. ते फुटले तसे काठावरचे चौघेही मागे पळाले. एक जण पळता पळताच ओकला.

“खंय जातास रे?” हौसाबाई काठावरून ओरडली. “देवाचां काम सोडून खंय जातास, मेल्यांनू?”

मथुरा काढत राहिली. एकेक सोडण, काळं, बुळबुळीत, मेलेल्या जनावराच्या कातड्यासारखं. काढायचं आणि काठावर फेकायचं. काठावर म्हणजे भाईच्या गच्चीखालीच, कारण काठ तेवढाच होता. दुपारपर्यंत ढीग माणसाच्या उंचीचा झाला. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला आणि वास गावात घुसला. घराघरांत लोक डोक्यावर पांघरुणं घेऊन बसले. गुरं चारा खाईनात. शाळा सोडून दिली.

संध्याकाळी भाई धावत आला. बूट नव्हते.

“परत घाल! आत्ताच्या आत्ता परत घाल सगळी!”

मथुरा काठावर बसून पायांचा चिखल काटकीने खरवडत होती. “देवान भायर काढूक सांगल्यान, भाईनू. आत घालूची असतली तर परत गाऱ्हाणां घाला.”

भाई दाजीकडे धावला. दाजीने नाकाला कापूर लावला होता. तो म्हणाला, एकदा देवाला सांगितलेलं अमावास्येपर्यंत फिरवता येत नाही, देव काय गावाचा गडी आहे? अमावास्येला अजून नऊ दिवस होते.

गुरुवारी साहेब आला. काळा कोट घातलेला, घामाघूम झालेला मध्यमवयीन माणूस होता, त्याच्यात काही विशेष नव्हतं. होडीतून उतरून मडम पाच पावलं चालली आणि भाईने खास लावलेल्या मोगऱ्याच्या आळ्यात वाकून ओकली. साहेबाने भाईला काहीतरी विचारलं. भाई दोन्ही हात जोडून वाकत राहिला, वाकत राहिला, जणू वाकल्याने वारा फिरणार होता. पाणी न पिता ते दोघं त्याच होडीने मालवणला परतले. भाई देवगडच्या हापूसची पेटी डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात त्यांच्या मागे गेला. पेटी त्यांनी घेतली. भाईला होडीत घेतलं नाही.

शिपायाच्या जागेचं नाव कुणी काढलं नाही.

मग गावाने नेहमीचं ते केलं. मथुरेने मुद्दाम केलं, असं ठरलं. ढीग मुद्दाम तिथेच घातला, बाईच्या मनात पाप होतं. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून लांब उभ्या राहायच्या. आणि विहिरीत घागर सोडायच्या ती तिच्याच दोराने. हौसाबाई तेवढी रोज यायची आणि म्हणायची, “थुकान दी गो असल्या गावार.” मथुरा थुंकली नाही. तिच्या तोंडाला कोरड पडली होती.

देवाचा शब्द अमावास्येपर्यंत फिरणार नव्हता, म्हणून ढीग तिथेच राहिला. आठ दिवस वैशाखाचं ऊन त्या ढिगावर पडलं. वास हळूहळू मेला आणि सोडणं लाकडासारखी कडक झाली. मथुरेने एक आणून दगडावर ठेवलं, ठोकलं. बोटभर लांबीचे तुकडे निघाले, भुशासकट. पाण्यात भिजवून दुसरं ठोकलं. तेच. वीस ठोकली. हाताची साल गेली. त्यातून निवडून निवडून तिने वावभर, दोन हात पसरले की होतो तेवढा, सुंभ वळला, एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं ओढलं. तटकन तुटला.

तिने तुटलेली दोन टोकं बराच वेळ बघितली. मग त्याच दिवशी तिने देवगडला निरोप धाडला. औंदा दोर नाय. उत्तर आलं ते एवढंच, की दुसरीकडे सांगितलं आहे.

पाऊस जवळ आला तसा दत्ताराम आला. पावसाआधी होड्या वर ओढायच्या होत्या. अंगणात न येता कुंपणाच्या बाहेरूनच बोलला.

“वयनी, दोर होयो हुतो.”

“नाय.”

“असलो तसलो दी. एका पावसापुरतो.”

“असलो तसलो मी वळणंय नाय.”

“थंय वळान ठेयलेलो दिसता मा?”

तिने त्या वावभर सुंभाचा एक तुकडा उचलला आणि त्याच्या हातात दिला. “वड.”

दत्तारामाने ओढला. तुटला.

“ह्यो तुका दिलंय आणि तुझी होडी पाण्यात गेली, तर लोक काय म्हणतले? मथुरेचो दोर तुटलो म्हणतले. दत्तारामान खड्ड्याच्या काठार दात काढल्यान असां कोण म्हणाचो नाय. जा.”

दत्ताराम मान खाली घालून गेला. कुंपणाच्या पलीकडे जाऊन त्याने हात नाकाशी नेऊन हुंगला आणि धोतराला पुसला. मथुरेने ते पाहिलं.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीच्या दिवशी सकाळी गणपत परत जायला निघाला. ट्रंक बांधून झाली होती. “वायच गरम पाणी ठेव गो,” म्हणाला, “थंय पोचल्यार दोन दिस न्हावक गावाचां नाय.”

मथुरा ढिगाकडे गेली. सोडणं टोपलीत भरून आणली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. वाळलेली होती, भराभरा पेटली. आणखी घातली. देवगडच्या नव्या होडीचे सगळे दोर त्या चुलीत जळत होते, आणि वर हंड्यातलं पाणी कुरकुरू लागलं होतं. धूर काळा होता. ती डोळे बारीक करून सोडणं घालत राहिली, हंड्यातून वाफ उसळेपर्यंत.

बावीस वर्षं ती खाडीतून वर यायची आणि विहिरीच्या थंड पाण्याने अंग धुवायची. गरम पाणी आधी सासऱ्याचं, मग नवऱ्याचं, मग सासरी जाईपर्यंत पोरींचं. तिची पाळी येईपर्यंत विस्तव विझलेला असायचा.

तिने पाणी घंगाळात ओतलं, न्हाणीत नेलं आणि आतून कडी घातली.

बाहेर गणपत पंचा खांद्यावर टाकून आला. दार ढकललं. “गो? आत कोण आसा?”

तिने पहिला तांब्या खांद्यावर ओतला. पाणी इतकं कढत होतं की कातडी लाल झाली.

“आगबोट चुकतली माझी! आयकतंस मा?”

मथुरेने शिकेकाई मुठीत घेऊन केसांना चोळली, पुन्हा चोळली. मग उकिडवी बसून नखं घासू लागली. काळा रंग निघत नव्हता. तिने दुसरा तांब्या बुडवून घेतला.