काठापर्यंत झिजलेला टायर

ओरेस्ते मागच्या चाकामागे उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मोटारसायकलीचे मालक, फादर एर्मेते, चर्चच्या पायरीवर उभे राहून खोकले. ओरेस्तेने टायरच्या काठावरून अंगठा फिरवला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. रबर दोन्ही बाजूंना अगदी शेवटच्या रेघेपर्यंत झिजलेलं होतं.

वळणावर गाडी जितकी कलते तितका टायर काठाकडे झिजतो. भित्र्याच्या टायरचा काठ कोराच राहतो. फाएंझा शहराच्या वरच्या डोंगरात हे पोरंटोरंही जाणतात. घाटमाथ्यावरच्या कॅफेत रविवारी कोणी नवा आला, की मंडळी आधी त्याच्या मागच्या चाकाला भेटतात, माणसाला नंतर. ओरेस्तेच्या जुन्या गाडीच्या टायरवर दोन्हीकडे दोन-दोन बोटं कोरं रबर होतं.

"काय रे, हे लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवलंयस का?" कॅफेतल्या मंडळींपैकी नेरियो सगळ्यांसमोर विचारायचा.

ओरेस्ते पेशाने न्हावी. एकदा त्याने दुकान बंद करून तो काठ कानशीने घासून काढला. रविवारी नेरियो वाकला, त्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "दाढी छान केलीस."

त्यामुळे आज ओरेस्ते खरं तर गाडी घ्यायला आलाच नव्हता. तो टायर घ्यायला आला होता. त्यांच्यासोबत ही पिवळीधमक गाडी येत होती, एवढंच.

"टायर संपलेत हो," फादर म्हणाले. "नवे आणून ठेवलेत. उद्या बसवून देतो."

"नको, नको! जुनेच असू द्या, फादर."

"अहो, घसराल."

"घसरण्याइतक्या जोरात मी कुठं जातो?"

फादरनी कबुलीजबाब ऐकावा तसं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोण चालवत होतं ही?" ओरेस्तेने विचारलं.

"म्हणजे काय? मीच."

ओरेस्तेने काठाकडे पाहिलं, मग त्यांच्या काळ्या झग्याकडे, मग पुन्हा काठाकडे.

"गावं तीन, चर्चं तीन, पाद्री एक," फादर म्हणाले. "प्रार्थनेला आलेली माणसं थांबतात हो. मरणारा शेवटच्या प्रार्थनेसाठी थांबत नाही." त्यांनी कंबरेवर हात ठेवला. "आता कंबर नको म्हणते. बिशपसाहेबांनी छोटी मोटार दिलीय. चला, बसा मागे. मला वरच्या गावात जायचंच आहे."

त्यांनी झगा गुडघ्यांवर खोचला आणि हेल्मेट चढवलं. मागची सीट पोळपाटाएवढी होती. ओरेस्ते कसाबसा बसला आणि मनात म्हणाला, म्हातारा जपूनच नेईल.

पहिल्या वळणाला जमीन त्याच्या गुडघ्याला भेटायला वर आली. त्याने डोळे मिटले. दुसऱ्या वळणाला उघडले, कारण मिटून जास्त भीती वाटत होती. मग मात्र ते मिटेनात. धक्का नव्हता, घाई नव्हती. म्हाताऱ्याचे खांदे नुसते कलत होते, आणि गाडी, रस्ता, खालची अख्खी दरी त्यांच्यासोबत कलत होती, पाळण्यातलं मूल कूस बदलतं तशी. रस्त्याकडेच्या रानओव्याचा वास इतका जवळून आला, की जीभ बाहेर काढली असती तर चव लागली असती. ओरेस्ते ओरडायचं विसरला. श्वासही बहुधा विसरला असावा, कारण वर पोचल्यावर त्याने घेतला तो फार मोठा होता.

फादर हेल्मेट काढून लंगडत तिथल्या चर्चमध्ये गेले. घंटा झाली.

ओरेस्ते गाडीपाशी उभा राहिला. झऱ्यावर पाणी प्यायला थांबलेले बोलोन्या शहराचे तीन मोटारसायकलवाले चालत आले आणि थेट मागच्या चाकामागे बसले. एकाने काठाला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं. मग तिघांनी मान वर करून ओरेस्तेकडे पाहिलं. असं त्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"उस्ताद," त्यातला एक हळूच म्हणाला, "आत्ता घाट चढून आलात ते तुम्हीच ना?"

ओरेस्तेच्या ओठांवर 'हो' येऊन बसलं होतं. त्याने ते गिळलं.

"आलो मीच," तो म्हणाला, "पण मागे बसून."

"मग चालवत कोण होतं?"

ओरेस्तेने हनुवटीने चर्चच्या उघड्या दाराकडे दाखवलं. आतून फादरचा आवाज येत होता. चार म्हाताऱ्यांसाठी ते एकेक शब्द सावकाश, जराही घाई न करता उच्चारत होते. तिघं उठून उभे राहिले आणि प्रार्थना संपेपर्यंत कोणी गाडी चालू केली नाही.

फादर बाहेर आले तेव्हा ओरेस्ते पायरीवर बसला होता.

"मग? जुनेच ठेवायचे म्हणता टायर?"

"नवे बसवा, फादर."

"हे बरं केलंत." त्यांनी किल्ली पुढे केली. "घ्या, उतारावर तुम्ही चालवा. गाडी तुमचीच आता."

ओरेस्तेने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हे टायर तुमचे आहेत, ते निघेपर्यंत नाही," तो म्हणाला.