पंधरावा दिवस

वेंडेल प्रुएटच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, आणि तोही काडीच्या कामाचा नव्हता. मंगळवार. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं, आणि जन्मभराच्या एवढ्या शब्दांतून देवानं मागे काय ठेवलं, तर मंगळवार! भूक लागली तरी मंगळवार, पाठ दुखली तरी मंगळवार. डोकं मात्र लख्ख होतं. दुसऱ्याचं सगळं कळायचं, स्वतःचं काही बाहेर निघायचं नाही. लिहायला जावं तर अक्षरं पळून जायची.

"मंगळवार!" त्या दिवशी न्याहारीलाच त्यानं डाव्या हातानं टेबलावर थाप मारली.

"अरे, आज गुरुवार आहे, म्हाताऱ्या," त्याची बायको आर्डिथ म्हणाली. "तुझा मंगळवार केव्हाच गेला. कॉफी पी."

गुरुवार आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर जिवाची घालमेल चालली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं कुंपण दिसायचं, आणि कुंपणाजवळच्या खांबावर निळ्या पाखरांनी घरटं करावं म्हणून लावलेली पेटी. केंटकीच्या त्या टापूत दर तिसऱ्या घरामागे अशी पेटी असते. पण वेंडेलसारखा तिच्यापायी वेडा झालेला माणूस दुसरा नव्हता. एकतीस वर्षं. भोक इतकंच मोठं की निळं पाखरू आत जाईल, पण दांडगट साळुंकीचं अंग अडकेल. खांबाला पत्र्याचं नळकांडं, साप चढू नये म्हणून. चिमण्या तर त्याच्या सात जन्मांच्या वैरिणी. पेटी बळकावायला त्या अंडी फोडतात, बसलेल्या मादीला टोचून मारतात. त्यांच्या काड्या तो रोज ओढून फेकायचा. "ती निळी सवत," आर्डिथ पेटीकडे बोट दाखवून म्हणायची. "माझ्या वाढदिवसाची तारीख विसरेल, पण तिची अंडी कधी फुटणार ते बरोबर लक्षात!"

आणि आता तीच आर्डिथ दर गुरुवारी न्याहारी झाली की सवतीच्या दारात जात होती. कुणी सांगितलं नव्हतं. नवरा खुर्चीत अडकला, तर त्याचं काम अडायला नको, एवढंच. पेटीचं कडेचं दार उघडायचं, आत डोकवायचं, मोजायचं, आणि आत येऊन त्याला सगळं रंगवून सांगायचं. खरं सांगायचं तर तिला पाखरांची हौस नव्हतीच. नवऱ्याची होती.

दोन गुरुवारांपूर्वी ती धावत आली होती, "पाच! आजच फुटलीत बघ, अंगावर लव नाही की काही नाही!" गेल्या गुरुवारी, "डोळे उघडलेत रे. एकानं माझ्याकडे चक्क तोंड वासलं. मेल्याला मी आई वाटले." वेंडेल हसला होता, अर्ध्या तोंडानं का होईना.

पण आज पंधरावा दिवस होता. आणि बाराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नसते. पिसं आलेली असतात, पंखांत बळ आलेलं नसतं. दार उघडलं, उजेड पडला, की पिल्लं घाबरून बाहेर उड्या टाकतात, आणि गवतात पडतात ती पडतातच. अजून चार-पाच दिवस थांबलं की आपली आपण उडून जातात. हे त्यानं बायकोला कधी सांगितलंच नव्हतं. वहीत तारखा होत्या, अंड्यांचे आकडे होते, हे कुठेच नव्हतं. जे आपल्याला येतंच ते कोण लिहून ठेवतो? स्वतःचा त्याला इतका राग आला की डोळ्यांसमोर अंधारी आली.

त्यानं पेन्सिल ओढून घेतली. डाव्या हातानं कशीबशी चौकोनी पेटी काढली, आणि तिच्यावर मोठी फुली.

आर्डिथनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे काय? घर आणि वर क्रूस... चर्च! अगं बाई, चर्चला जायचंय तुला?" तिनं कागद छातीशी धरला. "एकतीस वर्षं रविवारी ओढून न्यावं लागायचं तुला. बघते हं, पास्टरना फोन करते आजच."

"मंगळवार! मंगळवार!"

"मंगळवारी नाही रे, रविवारी."

कपाळ बडवून घ्यावं तर हातही एकच. ती स्वेटर चढवून बाहेर गेली. मे महिना असला तरी ब्लॅकबेरीच्या झुडपांना फुलं आली की तिकडे चार दिवस पुन्हा थंडी पडते, आणि गवत सकाळपासून ओलंच होतं.

वेंडेलनं काचेवर हात मारला. तिनं वळून हात हलवला. त्यानं कप घेऊन काच बडवली, तशी ती ओरडली, "आले, आले! किती घाई ती!" आणि भराभरा चालू लागली. थांब म्हणण्यासाठी त्याच्याजवळ जे जे होतं, त्या सगळ्यानं ती पुढेच ढकलली जात होती.

पेटीवर तिनं हलक्या हातानं दोनदा टकटक केली, अगदी तो करायचा तशी. मग दार उघडलं.

पहिलं पिल्लू तिच्या खांद्यावरून गेलं आणि दोन हातांवर गवतात पडलं. मग दुसरं. मग उरलेली तिन्ही एकदम. आर्डिथनं टाळ्या पिटल्या. आईबाप कुंपणाच्या तारेवर येऊन किंचाळत होते.

अजून वेळ होता. वेंडेलला उपाय माहीत होता. एकदा त्याच्याच हातून हे झालं होतं. पिल्लं वेचायची, आत ठेवायची, दार लावून भोकात फडकं कोंबायचं. पंधरा मिनिटं अंधार मिळाला की ती शांत होतात, मग फडकं हळूच काढायचं. तेव्हा पाचच्या पाच वाचली होती.

आर्डिथ धापा टाकत आत आली. गाल लाल, भांडी पुसायचं फडकं अजून खांद्यावर. "उडाली, वेंडेल! पाचही! माझ्या डोळ्यांदेखत! तुझ्यासारख्याला सुद्धा कधी दिसलं नसेल, आणि मला दिसलं!" ती त्याच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली. "ऐक ना, आईबाप कसे गाताहेत."

झटका आल्यापासून ती इतकी आनंदात दिसली नव्हती. तेही त्याला दिसत होतं. पण बाहेर गवतात पाच जीव होते.

त्यानं तिच्या खांद्यावरचं फडकं पकडलं आणि ओढलं. खिडकीकडे नेलं, पुन्हा ओढलं, मुठीत गोळा करून काचेवर दाबलं. हे, हे न्यायचं, तिथं कोंबायचं, जा, आत्ता जा! त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अरे माझ्या राजा," आर्डिथ म्हणाली. त्याच्या मुठीतून तिनं फडकं अलगद सोडवून घेतलं. "रड ना, खुशाल रड. पुसते मी."

आणि तिनं त्याचे डोळे पुसले, गाल पुसले, हनुवटी पुसली, सावकाश, एकेक कोपरा निगुतीनं. त्याचा चांगला हात तिनं आपल्या दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला होता. फडकं बाजूला झालं तेव्हा शेजाऱ्यांचं पिवळं मांजर कुंपणाखालून आत आलेलं होतं, आणि आर्डिथ खिडकीला पाठ करून त्याच्याचकडे बघत होती.