झोपतात माझ्यावर, नाव मात्र मशीनचं

टण्ण!

माठावरचा स्टीलचा पेला घरंगळून फरशीवर पडला आणि दवाखान्यातली दुपारची शांतता मोडली. गणेश चतुर्थीचा दिवस होता. गावातली दुकानं बंद, लोक आरत्या उरकून जेवायला बसलेले. खुर्चीत डुलकी घेणाऱ्या मदतनीस शकुंतलाबाई दचकून उठल्या. त्यांनी पेला विसळला, माठावर पालथा घातला आणि पुन्हा डोळे मिटले. मी मात्र जागाच होतो. मित्रांनो, मला झोप कुठली! माझ्यावर झोपतात ते दुसरेच.

नांदेडकडच्या गोरेगावच्या डॉक्टर गुलनाज यांच्या दवाखान्यात रोग्यांना ज्यावर आडवं करून तपासतात, तो जुना लाकडी बाक म्हणजे मी. गुलनाज मॅडमच्या वडिलांनी, फारुक डॉक्टरांनी मला करून घेतलं. भागवत सुतारांचा जन्म दारं-खिडक्या करण्यात गेला होता. दवाखान्याचा बाक किती लांब लागतो हे त्यांना काय ठाऊक? त्यांनी सरळ डॉक्टरांनाच फरशीवर आडवं केलं आणि सुतळीनं मोजून घेतलं. म्हणून मी बरोबर फारुक डॉक्टरांएवढा लांब आहे. फक्त एक पाय जरा आखूड राहिला. त्याखाली लाकडाची चकती सारलेली असते. कोणी कूस बदलली की मी ‘कुर्र’ करतो.

ते माझे सुखाचे दिवस होते. विंचू चावलेले गडी, तापानं फणफणलेली लेकरं, दिवस गेलेल्या लेकी, सगळ्यांचं ओझं मी घेतलं. सुई टोचताना पोरांनी माझी कड घट्ट धरली. फारुक डॉक्टर रोग्याच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटायचे, आणि काम झालं की मला थोपटून म्हणायचे, “हा बाक हाय तोवर माझा दवाखाना हाय.”

मग ती आली. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणारी मशीन.

खरं सांगू? ती आली त्या दिवसापासून माझ्या लाकडात भुंगा शिरला. तिला चाकांची गाडी मिळाली, भिंतीजवळची सावलीची जागा मिळाली. शकुंतलाबाईंनी माझ्या उशीला अभ्रा शिवायचा म्हणून फुलाफुलांचं कापड आणलं होतं. त्या कापडाचं झालर लावलेलं झाकण तिला मिळालं! माझं रेक्झिन फाटून कापूस बाहेर डोकावतो, त्यावर चिकटपट्टी. आणि लोक तरी कसे! बाहेर पडले की सांगतात, “मला मशीनवर झोपवलं होतं.” अहो, मशीनवर कोण झोपतं? ती तर हातभर पेटी आहे. झोपलात माझ्यावर!

उकंडरावांची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. आले तेच छाती चोळत. “गॅस हाय हो मॅडम, सोडा द्या अन् सोडा मला, हळद शिजवायला टाकून आलोय.” अंगाला घाम सुटला होता, तरी ऐकेनात. मॅडमनी पट्टी काढली, बघितली आणि तिथल्या तिथं गोळ्या चावायला देऊन त्यांना गाडीत घालून नांदेडला धाडलं. गॅस नव्हताच, हृदयाची नस तुंबली होती. उकंडराव चालत परत आले, ते झेंडूचा हार घेऊन. हार घातला कुणाला? मशीनला. आणि मी मधे असल्यानं तिच्यापर्यंत हात पुरेना म्हणून चिखलाच्या पायांनी चढले कुणावर? माझ्यावर.

तिनं त्यांचा जीव वाचवला, हे मी नाकारत नाही. पण एक झेंडू तरी माझ्या वाट्याला यायला काय हरकत होती?

असो. तर त्या चतुर्थीच्या दुपारी दारात मोटारसायकल थांबली. वैजनाथ आपल्या बायकोला, पुनमला, धरून आत आणत होता. मागून त्यांची लेक दिपा, एका हातात अर्धा मोदक. पुनम आठवड्यापूर्वीही आली होती. सोयाबीनच्या रानात पायाला काटा लागून पू झाला होता, मॅडमनी कॅप्सूल दिल्या होत्या. आज पाय बरा दिसत होता, पण चेहरा पांढरा पडला होता.

“मॅडम, छातीत लई दुखून राहिलं,” ती रडतच म्हणाली. “मधोमध. रातीपासून. मी काही वाचत न्हाई. माझ्या बापाला, हिच्या आबाला, असंच झालं अन् घरातच गेला. माझ्यामागं ह्या लेकराचं कसं होईल?”

“येडी हाय का तू?” वैजनाथ दटावायला गेला, पण तिचा हात त्यानं सोडला नाही.

मॅडमनी तिला माझ्यावर आडवं केलं आणि हात लांबवला मशीनकडे. झालं! हातापायाला चिमटे लागले, छातीवर रबरी गोळे चिकटले, कागद सरसर बाहेर आला. मॅडमनी तो नीट वाचला. दम लागतो का, चालताना वाढतं का, कळ हातात जाते का, घाम येतो का, सगळं विचारलं. नाडी आणि बीपी पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पट्टी काढली. पुन्हा!

“आत्ता तरी हृदयात काही दिसत न्हाई,” मॅडम म्हणाल्या.

वैजनाथनं मशीनला हात जोडले. “पास केलं माय हिनं! चाल पुनम, ऊठ. घरी पाव्हणे बसलेत.”

“बसा खाली,” मॅडम म्हणाल्या. “पाव्हण्यांची एवढीच घाई हाय तर तुमी जा, हिला राहू द्या. हृदयात दिसत न्हाई एवढंच कळलं. मग दुखून काय राहिलं, ते कोण सांगणार?”

मित्रांनो, मशीनचं बोलणं तिथंच संपलं होतं. मला तर तिच्या आधीपासून काहीतरी कळत होतं. पुनमची पाठ माझ्यावर टेकतच नव्हती. टेकली की कळ यायची आणि ती कोपरावर उठायची. कुर्र. पुन्हा टेकायची, पुन्हा उठायची. कुर्र, कुर्र. मॅडम थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आडवं झालं की वाढतं का गं?”

“व्हय. बसलं की जरा बरं.”

मॅडमनी तिला उठवून बसवलं. माठावरचा तोच पेला भरून आणला. “एक घोट घे. हळू.”

पुनमनं घोट घेतला आणि तिचे डोळे गच्च मिटले. “हितं अडतं,” तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. “सकाळी नैवेद्याचा मोदक बी उतरला न्हाई.”

“पायाची कॅप्सूल काल कशी घेतली?”

पुनम नवऱ्याकडे बघू लागली. “काल हरतालिका व्हती मॅडम. माझा उपास निर्जळी असतो. औषध उपासाला चालतं, पाणी चालत न्हाई. मंग तशीच गिळली, कोरडी. अन् जरा पाठ टेकली.”

शकुंतलाबाईंनी कपाळावर हात मारला. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. “आमच्या रोज्यात बी हेच चालतं. पहाटे अजान होऊन राहिली की घाईत कॅप्सूल घशात टाकायची अन् गोधडीत शिरायचं. ती पोटात जातच न्हाई. अन्ननलिकेत चिकटून बसते, विरघळते अन् आतून भाजून काढते. तुझं दुखणं खरं हाय बाई, पण ते हृदयाचं वाटत न्हाई, गिळण्याच्या वाटेचं हाय.”

त्यांनी ती कॅप्सूल बंद केली. पित्त कमी करणारं पातळ औषध दिलं. गार, मऊ खायला सांगितलं. आणि बजावलं, “दोन दिवसांत उतार पडला न्हाई, पाणी बी उतरंना, उलटीत रक्त दिसलं, न्हाईतर घाम फुटून हात भरून आला, तर सण बघू नको अन् रात बघू नको. लगेच ये.”

पुनम पुन्हा रडली. या वेळी हसत हसत.

बाहेर पडताना वैजनाथ कुणाला तरी फोनवर सांगत होता, “काही न्हाई, मशीनवर घेतलं होतं, मशीननं सांगितलं कॅप्सूल अडकली!”

बघितलंत? माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, लवकर वाळत नाही. पण तुमच्यापाशी एक मागणं आहे. माझं रेक्झिन नाही बदललं तरी चालेल. छातीत दुखलं तर मात्र ‘पित्त असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका, आणि ‘आता मेलोच’ असंही ठरवू नका. कुणीतरी शहाण्या माणसानं आधी हृदय बघावं, मग बसवून, निजवून, सगळं नीट विचारावं. आणि गोळी कोणतीही असो, उपास कोणताही असो, पेलाभर पाणी आणि ताठ बसणं, एवढं देव मानून घेईल.

वैजनाथ गाडी वळवत होता. पुनम माझ्या कडेला बसून चप्पल चढवत होती. दिपा माझ्या फाटक्या रेक्झिनमध्ये बोट घालून कापूस ओढत होती. ओढता ओढता ती थांबली.

“आई, आबाच्या छातीत दुखलं, तवा आपण पित्त हाय म्हणून ओवा दिला व्हता ना?”

“व्हय गं. चाल आता.”

दिपा हलली नाही. तिनं तळहातानं मला थोपटलं, अगदी फारुक डॉक्टर थोपटायचे तसं.

“मंग आबाला ह्या बाकावर काहून न्हाई आणलं?”

पुनमनं चप्पल खाली ठेवली आणि लेकीला माझ्यावर, आपल्या शेजारी ओढून घेतलं. कुर्र.