पूजेची पेटी

माझी आई, सिंधु, बिलोलीच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळा सातवीपर्यंत. निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी सकाळी ती तिथे जायची, काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत सेल, तारा, टॉर्चचे बल्ब, लोहचुंबक, पेचकस आणि खोलून ठेवलेला एक जुना रेडिओ. तिचा नियम एकच होता: पेटी मुलींनी उघडायची, मुलग्यांनी नंतर यायचं. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "घरचा फॅन बिघडला की पोराला शिडीवर चढवतात. पोरीला खाली पडलेली धूळ झाडायला सांगतात."

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तेराव्यानंतर मी पेटी शाळेला दिली आणि लातूरला, माझ्या ग्रंथालयात, परत आले. दुसरं काही देण्यासारखं तिच्याकडे नव्हतं, आणि माझ्याकडे ठेवून मी तिची फक्त उघडझाप केली असती.

विज्ञान दिनाला शाळेचे नवे मुख्याध्यापक हणमंतराव यांनी मला बोलावलं. आईच्या नावाने विज्ञान कोपरा सुरू होणार होता. फाटकापाशी फलक होता: 'विज्ञानाची धरू कास, मुलींचा करू विकास'. फलकाखाली मुली नऊवारी नेसून, हातात औक्षणाची ताटं घेऊन उन्हात उभ्या होत्या. मुलगे पांढरे कोट घालून व्हरांड्याच्या सावलीत टेबलांमागे. अंगणात मुलींनी रांगोळीने विजेचा परिपथ काढला होता. सेल पिवळा, तार लाल, बल्बभोवती किरणं. खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब शिवम नावाच्या मुलाच्या टेबलावर होता.

मी रांगोळीकडे बघतेय हे पाहून हणमंतराव खूश झाले. समान संधी म्हणजे सगळ्यांनी एकच काम करणं नव्हे, असं त्यांनी मला समजावलं. ज्याला जे शोभतं ते. ते भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहेत, हेही त्यांनी सांगितलं. दोनदा.

ऑफिसात काचेच्या कपाटात आईचा फोटो होता, फोटोला हार. खाली तिची पेटी. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, कडीत खोचलेली उदबत्ती, कपाटाला कुलूप. आईने आयुष्यभर त्या पेटीला फक्त मशीनचं तेल लावलं होतं.

"पेटी कोण उघडतं आता?" मी विचारलं.

"शिवम. जबाबदार मुलगा आहे."

"आणि मुली?"

त्यांनी आवाज खाली आणला. फार समजूतदारपणे बोलत होते. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळेल. सहावी-सातवीच्या मुली आहेत. कुणाला कधी अडचण असते, ते आपल्याला विचारता येत नाही. आणि ही आता पूजेची वस्तू झाली. म्हणून सरसकट मुलींनी हात लावायचा नाही, असं ठरवलं. उगाच कुणाला संकोच नको."

ज्यांना अजून पाळी येत नाही त्या लहान मुलींचं काय, असं मी विचारलं. त्याचंही उत्तर तयार होतं: एकीला हो म्हटलं की ज्या दुसरीला नाही म्हटलं तिचं गुपित फुटतं. मी पुष्कळ वाचलं आहे. मूर्खपणाची इतकी नीट घडी घातलेली क्वचितच पाहिली.

बाहेर आले तर खिचडी शिजवणाऱ्या नागुबाईच्या मागे एक मुलगी उभी होती. हातात ताट, त्यातलं निरांजन विझलेलं. नागुबाईने सांगितलं, ही मनतशा, सातवीतली, सिंधुबाईंची लाडकी. आईच्या बोलण्यात हे नाव मी इतक्या शनिवारी ऐकलं होतं की चेहरा ओळखीचा वाटला.

"अक्का, आजीचा रेडिओ आत हाय का तसाच?" तिने विचारलं. "एकच तार राहिली व्हती. पुढच्या शनिवारी तू जोड, म्हणाल्या व्हत्या."

तो पुढचा शनिवार आला नाही. यंदा ही मुलगी सातवीतून बाहेर पडणार. मग रेडिओ त्या कपाटात हळदीकुंकू खात राहणार.

"शिवमला सांगितलंस का जोडायला?"

"त्याला म्हायती न्हाई कुठली तार ते. अन् मी का सांगू?"

नागुबाई हसली. "सरांनी हिला दोन्हीकडून बाद केलंय, अक्का. एक तर पोरगी, वर मुसलमानाची, आपल्या हळदीकुंकवाला हिचा हात कसा चालंल म्हणत्यात. औक्षणाच्या ताटाला मात्र चालतो. तिथं पोरी कमी पडून राहिल्या."

कार्यक्रम सुरू झाला. हणमंतराव स्त्रीशक्तीवर बोलले. त्यांनी आईला सरस्वती म्हटलं आणि तिच्या त्यागाबद्दल सांगितलं. आईने कसलाही त्याग केला नव्हता. तिला शनिवार आवडायचा. समोर सरपंच, केंद्रप्रमुख आणि गावातली जाणती माणसं टोप्या सावरत बसली होती. भाषण संपल्यावर हणमंतरावांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मी पेटी काढून आणायची, शिवम बल्ब लावून दाखवणार.

मी पेटी आणली. टेबलावर ठेवून उदबत्ती बाजूला केली, कडी काढली, झाकण उघडलं. आत आईच्या तेलाचा वास होता. मी दोन्ही हात आत घातले आणि एकेक वस्तू चाचपली. पेचकस, चुंबक, सेल, तारा. रेडिओ. मग माईककडे तोंड केलं.

"सर, सांगायचं राहिलं," मी म्हटलं. "मला आज अडचण आहे."

पहिल्या रांगेतल्या एका टोपीने मान खाली घातली. शिवमने टेबलावरचे हात कोटाच्या खिशात घातले. हणमंतराव दोन पावलं मागे सरकले. "ताई, आधी तरी बोलायचं," ते पुटपुटले.

सरपंचांनी उपाय सुचवला, गोमूत्र शिंपडा की.

"नाही, नाही, आत सेल आहेत, तारा गंजतील," हणमंतराव म्हणाले. एम.एस्सी.चा तेवढा उपयोग त्या दिवशी झाला.

मी त्यांना मदत केली. म्हटलं, आता ही फोटोखाली ठेवता येणार नाही.

"नाहीच," ते म्हणाले.

"मुलींच्या ताब्यात द्या. त्यांना चालेल."

त्यांनी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं, केंद्रप्रमुखांनी घड्याळाकडे. मग हणमंतरावांनी हातानेच खूण केली, न्या, न्या, आणि ती खूण करताना हात पेटीपासून जपून लांब ठेवला. मनतशाने ताट नागुबाईकडे दिलं. तिने आणि आणखी एकीने कड्या धरून पेटी उचलली आणि सातवीच्या वर्गात नेली. बाकीच्या मुली नऊवारीचा घोळ सावरत मागोमाग गेल्या. औक्षणाला कुणी उरलं नाही. पाहुणे तसेच जेवायला बसले.

नागुबाई पाणी घेऊन आली तेव्हा कानाशी वाकली. "खरंच व्हय, अक्का?"

"बंद होऊन दोन वर्षं झाली."

तिने पदर तोंडात कोंबला.

हणमंतरावांनी मला चहा दिला. म्हणजे कप माझ्यापासून दूर, टेबलाच्या कडेला ठेवला आणि हात काढून घेतला. मी तो उचलला आणि सावकाश प्यायले. भिंतीपलीकडे मुली भांडत होत्या, पेचकस कुणी धरायचा यावरून. मग मनतशाचा आवाज आला, सरका म्हणून. मग नुसतीच खरखर, मोठी, ओंगळ, थांबून थांबून.

"बिघडवला वाटतं," हणमंतराव म्हणाले.

मी कप खाली ठेवला आणि ऐकत राहिले. आई असती तर म्हणाली असती, खरखर आली ना, म्हणजे वीज पोचली. आता स्टेशन शोधा.