कोरी तबकडी

भगवानरावांनी घड्याळ उलटं केलं, कानाला लावलं आणि डोळे मिटले. नवरदेवाचे हे मामा. साखरपुड्याचा माईक त्यांच्या ताब्यात होता, आणि माईक हाती आला की त्यांना जेवणाचीही आठवण राहत नसे. सारा मांडव त्यांच्या कानाकडे पाहू लागला.

"इवाई, कंपनी कोन्ती?" त्यांनी व्याही शालिग्रामला, नवरीच्या वडिलांना, विचारलं. "याच्यावर त नावच नाई."

शालिग्रामनं तोंड उघडलं. काळी तबकडी, सोनेरी काटे, मागच्या काचेतून दिसणारी इवली चाकं. आठ महिने ते घड्याळ त्याच्या घरात बनत होतं. मोबाइलवर पाहून तो शिकला होता, सुटे भाग कुरिअरनं मागवले होते. घड्याळाच्या धातूच्या कवचाला चकाकी आणता आणता त्याच्या बोटांच्या रेषा अशा पुसल्या, की रेशनच्या दुकानातल्या मशीननं दोन महिने त्याला ओळखच दिली नाही. हे सगळं त्याला सांगायचं होतं. पण पुढच्या खुर्च्यांवर देऊळघाटची पाहुणेमंडळी इस्त्रीच्या कपड्यांत बसलेली. घरचे पापड असतात, घरचं लोणचं असतं. जावयाला घरचं घड्याळ दिल्याचं कोणी ऐकलं होतं?

"स्वित्झर्लंडचं हाये," तो म्हणाला.

"अन् नाव?"

"लय भारी घड्याळावर नाव नसते, इवाई. ज्याले कळते, त्याले कळते."

"वधूपित्याकडून जावाईबापूंना स्वित्झर्लंडचं घड्याळ!" माईक गरजला. "बिननावाचं! वाजवा टाळ्या!"

घड्याळ मांडवभर फिरलं. पहिल्या रांगेत ते नुसतं स्वित्झर्लंडचं होतं. चौथ्या रांगेत ते फक्त राजघराण्यांसाठी निघतं असं ठरलं. आचाऱ्यांपाशी पोचेपर्यंत तर ते विहिरीत पडलं तरी शंभर वर्षं चालणार होतं. फिरून ते नवरदेवाच्या, कुलदीपच्या मनगटावर आलं, तेव्हा त्यानं शेजारी बसलेल्या समीक्षाला हळूच विचारलं,

"पसंती कोनाची?"

"बाबांनी बनवलं," ती म्हणाली. "घरी."

भगवानरावांनी माईक दोघांच्या मधेच धरला होता, आणि तो चालूच होता. तिचं बोलणं पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

आचाऱ्यांनीही माना वळवल्या. मग भगवानराव खो खो हसले. "पोरगी मजाकी हाये बे, कुलदीप! सांभाळून राय!" मांडव हसला. हसता हसता सगळे शालिग्रामकडे वळले. अजूनही वेळ गेली नव्हती. एक 'हो' पुरला असता.

शालिग्राम हसला. मांडीवर थाप मारून हसला. इतक्या मोठ्यानं तो स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता. समीक्षा खाली मान घालून हातावरची मेंदी पाहत राहिली.

त्यानंतर घरात ती त्याच्याशी बोलत नव्हती असं नाही. चहा झाला, पाणी भरलं, टमाट्याची गाडी आली, एवढं बोलायची. तेवढंच.

तीन आठवड्यांनी शालिग्रामला कुलदीपचा फोन आला. होणाऱ्या सासऱ्याला तो मामाजी म्हणायचा.

"मामाजी, सेकंदकाटा गळून पडला. काचेच्या आत नुसता लोळून राह्यला. गॅरंटीचं कार्ड असन त पाठवा, बुलढाण्यात दाखवतो."

समीक्षा मेथी निवडत बसली होती. तिची बोटं थांबली.

"जावाईबापू, कार्ड नाही त्याचं," शालिग्राम म्हणाला. "ते... मी इथंच बनवलं. घरी."

पलीकडून हसू आलं. "मामाजी, तुमी बी ना! हा जोक मांडवात ऐकला आमी. बरं, कार्ड नसन त बिल पाठवा."

शालिग्रामनं कपाळ पुसलं. "इतवारी घेऊन या," एवढंच त्याच्यानं बोलवलं.

रविवारी खाटेवर मच्छरदाणी बांधली गेली. घड्याळ उघडलं की धुळीचा कणही आत जाता कामा नये, म्हणून हा कारखाना. शालिग्राम डोळ्याला भिंग लावून आत बसला, कुलदीप बाहेर खुर्चीवर. आधी तो गालात हसत होता. मागचं झाकण फिरून निघालं आणि घड्याळाचं मशीन सासऱ्याच्या तळहातावर टिकटिक करू लागलं, तेव्हा त्याचं हसू गेलं.

"मामाजी, खरंच?"

"हाव."

आता केसाएवढ्या टोकावर काटा बसवायचा होता. शालिग्रामनं तो चिमट्यात धरला. काटा सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला. तिसऱ्या वेळी कुलदीप छताकडे पाहू लागला. पाहुण्याचा तो भलेपणा शालिग्रामला जास्त लागला.

"उजेड कमी पडतोय," समीक्षा दारातून म्हणाली.

"उजेडाचं काही नाही." तो बाहेर आला आणि त्यानं मच्छरदाणीचा कोपरा उचलून धरला. "ये. बस."

"तुम्हीच बसवा, बाबा."

"मी कधी बसवला होता?" मग तो कुलदीपशी बोलला, पण जमिनीकडे पाहत. "नऊ काटे वाकडे केले मी. दहावा हिनं बसवला. आतली सारी जुळणी हिचीच. मी घासलं, पुसलं."

समीक्षा आत बसली. या भागात संकरित बियाण्यासाठी मिरची-टमाट्याचे प्लॉट घेतात. शेडनेटमध्ये बसून, न उमललेली कळी चिमट्यानं उकलायची आणि आतले पुंकेसर तेवढे काढायचे, बाकी कळीला धक्का लागू द्यायचा नाही. दहावीच्या सुट्टीपासून ती हे करत आली होती, दिवसाला हजार-हजार कळ्या. तिनं काटा उचलला, टेकवला, वरून अलगद दाबला. तो चालू लागला.

कुलदीप खुर्ची सोडून मच्छरदाणीला नाक लावून उभा होता.

"तुले कोनं शिकवलं हे?"

ती झाकण फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबांनी."

शालिग्राम दाराशी पायानं चपला शोधत होता.

"मोटर बंद करून येतो," तो म्हणाला आणि शेताच्या वाटेला लागला. शेताच्या लायनीला त्या दिवशी सकाळपासून लाईटच नव्हती.